सासऱ्यांची चार चाकं

लग्नाला वीस वर्षं उलटून गेल्यावर सासऱ्यांनी जावयाला पहिल्यांदा स्वतःहून काही दिलं, आणि ते म्हणजे चार वापरलेली चाकं. टायरसकट. पडदेवाल्यांनी ती वाकून स्वीकारली. त्यात नम्रता किती आणि नाइलाज किती हे सांगणं अवघड आहे, कारण चाक उभ्याने स्वीकारता येत नाही.

‘पडदेवाले’ हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चौकात पडद्यांचं दुकान होतं. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवायचे, दांडे ठोकून लावून द्यायचे, हा धंदा. सगळी इमारत त्यांना याच नावाने हाक मारायची, आणि अलीकडे बायकोही रागावली की ‘अहो पडदेवाले’ म्हणायला लागली होती. सासऱ्यांचा मात्र या धंद्यावर मुळातूनच राग. त्यांनी उभा जन्म पिकअपमधून काचेची तावदानं पोचवली. मागे काचा, पुढे खड्डे आणि मधे आपण, असं ते सांगत, आणि एकही तावदान फुटू दिलं नाही हे त्याच दमात सांगत. आपण जिवापाड जपून नेलेली काच खिडकीत बसते न बसते तोच कोणीतरी येऊन तिच्यावर कापड टांगतो, आणि तो कोणीतरी नेमका आपला जावई निघावा, हे दुःख त्यांनी कधी लपवलं नाही. “काच बघायला असते, झाकायला नाही,” हे वाक्य ते लग्नाच्या बोलणीत बोलले होते. पुढेही प्रत्येक भेटीत एकदा तरी बोलत आले होते.

मग त्यांची नजर कमी झाली. ताटातलं दिसे, रस्त्यावरचं दिसेना. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. जुनी पिकअप भंगारात द्यायची ठरली, तेव्हा सासऱ्यांनी आधी तिची चारही चाकं काढून घेतली. भंगारवाला म्हणाला, “काका, चाकं काढल्यावर मी हिला नेऊ कशी?” सासरे म्हणाले, “तो तुझा प्रश्न.” आणि कपड्यांच्या दोन पिशव्या व चार चाकं घेऊन ते मुलीकडे राहायला आले.

“जावईबापू, तुमची पिकअप त्याच कंपनीची आहे. नवीन आहे एवढंच. तुम्हाला होतील,” ते म्हणाले.

पडदेवाल्यांच्या गाडीला चाकं होती. चांगली होती. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टमध्ये एक तर माणूस मावे नाही तर चाक. शेवटी चाकं पुढच्या खोलीत येऊन विसावली, दोनावर दोन. बायकोने त्यांवर एक चादर टाकली आणि वर फुलदाणी ठेवली, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते टेबल वाटे. शेजारच्या खुर्चीत सासरे बसत. सकाळपासून अंधार पडेपर्यंत, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. खिडकीकडे तोंड करायची त्यांची इच्छा नव्हती, कारण खिडकीला पडदा होता. जेवायला बोलावलं तर येत, दोन घास खात आणि परत खुर्चीत. दिवसभरात एकच वाक्य बोलत. पडदेवाले दुकानाला निघाले की मान न वळवता विचारत, “बसतात का?”

“बघतो, मामा,” असं म्हणून पडदेवाले जिना उतरत.

एकदा बायकोने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. “अहो, बाबांचं काही खरं दिसत नाही मला. खात नाहीत, बोलत नाहीत. नुसते विझत चाललेत. त्यांचा सगळा जीव त्या चाकांत आहे. ती तुमच्या गाडीला लावा, आणि बाबांना शेजारी बसवून रोज दुकानात घेऊन जा. ती फिरली तर बाबा पण फिरतील.” बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. पडदेवाल्यांचा बायकोच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे कधीच टिकाव लागला नव्हता. त्यांनी त्याच क्षणी चाकं बसवायची असं मनाशी पक्कं केलं. बसतील की नाही हा तपशील राहिला.

आता एखादा साधा माणूस काय करेल? गाडी जॅकवर उचलेल, एक चाक काढेल, दुसरं लावून बघेल. पण पडदेवाल्यांनी जन्मात चाक बदललं नव्हतं, आणि गाडी नवी असल्यामुळे तिचा नटबोल्ट सैल करणं त्यांना पाहुण्याच्या खिशात हात घालण्यासारखं वाटे. शिवाय ते माप घेणारे गृहस्थ. ज्या माणसाने मापाशिवाय साधा टॉवेल घेतला नाही, तो चाक कसं लावील? तेव्हा गळ्यात मापाची फीत अडकवून ते खाली गेले आणि गाडीपुढे गुडघे टेकून बसले.

चाकाचं माप म्हणजे मुख्यतः बोल्टच्या वर्तुळाचं माप, एवढं त्यांना इकडून तिकडून कळलं होतं. या बोल्टपासून समोरच्या बोल्टपर्यंत फीत धरायची. पण बोल्ट पाच होते, आणि पाच बोल्टांची गंमत अशी की कोणाच्याही समोर कोणी नसतं. एका बोल्टपासून निघालेली फीत पलीकडे दोन बोल्टांच्या मधल्या मोकळ्या जागेत पोचते आणि तिथे एकटी पडते. पडदेवाल्यांना त्या फितीबद्दल उगीचच सहानुभूती वाटली. शेवटी त्यांनी अंदाजाने मध्य गाठला, माप घेतलं, मग वर जाऊन चादर काढून, फुलदाणी बाजूला ठेवून चाकांचंही घेतलं. दोन्ही आकडे सारखे आले.

“बसतात, मामा!” ते म्हणाले.

सासऱ्यांनी पहिल्यांदाच मान वळवली. “नक्की?”

“माप घेतलंय.”

त्या दिवशी सासऱ्यांनी भाजी पुन्हा मागून घेतली. बायकोने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की वीस वर्षांत ती नजर त्यांच्या वाट्याला फारशी आली नव्हती. हे सगळं इथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहत. ते कशातून निवृत्त झाले हे कोणाला माहीत नव्हतं, पण सल्ला देण्यातून झाले नव्हते हे नक्की. इमारतीने त्यांचं नाव ‘सर्वज्ञ’ ठेवलं होतं. त्यांच्या दाराशी एक वाहन वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभं होतं. त्यावर कोपर टेकून ते आल्या-गेल्याला अडवत.

“चाकं बदलताय म्हणे? परवानगी काढली का?”

“चाकांना परवानगी लागते?”

“लागते म्हणजे? उद्या अपघात झाला तर विमावाले पहिलं काय बघतात? चाक! परवानगी नसली की हात वर. मग बसा बोंबलत.”

विमा, अपघात, बोंबलत बसणं ही सगळी दृश्यं पडदेवाल्यांच्या डोळ्यांपुढून एकापाठोपाठ सरकली. अशी दृश्यं त्यांच्या डोळ्यांपुढे यायला नेहमीच तयार असत. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते वाहन कार्यालयात गेले. रांग सरकत सरकत खिडकीपाशी आली, तेव्हा आतले कारकून मानेवर रुमाल टाकून बसले होते. त्यांच्या पाठीमागच्या उघड्या खिडकीतून ऊन थेट मानेवर येत होतं.

“गाडीला दुसरी चाकं लावायची आहेत. परवानगी हवी,” पडदेवाले म्हणाले.

“बसतात का?”

घरी एक होते, आता इथेही. “माप घेतलंय,” पडदेवाले म्हणाले.

“माप नको. बसतात याचा दाखला आणा. चाकं लावलेल्या गाडीची तपासणी झाली की दाखला मिळतो.”

“म्हणजे आधी लावायची?”

“परवानगीशिवाय? लावून तर बघा!” कारकून म्हणाले. त्यात धमकी नव्हती, नुसता थकवा होता.

“मग परवानगी द्या ना.”

“बसतात की नाही हे कळल्याशिवाय कशी देऊ?”

हे असं बराच वेळ चाललं असतं, पण मधेच कारकुनांनी रुमाल उचलून मान पुसली आणि विचारलं, “तुम्ही काय करता?” पडदेवाल्यांनी सांगितलं. कारकुनांचा चेहरा पालटला. “अहो, या खिडकीला एक पडदा मिळेल का? वर लिहून लिहून थकलो. ही मान बघा, करपली.” पडदेवाल्यांच्या गळ्यात फीत होतीच. ते आत गेले, स्टुलावर चढले, खिडकी मोजली. चार दिवसांनी पडदा लावूनही आले. तो असा चपखल बसला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनीही एक मागितला. परवानगीचं काय, असं विचारल्यावर कारकून सावलीत डोळे मिटून म्हणाले, “लावून टाका हो. मी कागद पाठवतो.”

चाकं मग टायरवाल्याकडे गेली. टायरवाला हा सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देणारा माणूस होता. “जुनी आहेत, पण चालतील ना?” “होऊन जाईल.” “नव्या गाडीला बसतील ना?” “माप घेतलंय ना? मग होऊन जाईल.” त्याने चाकं घासली, चंदेरी रंग दिला, जुने टायर काढून नवेकोरे चढवले. सासऱ्यांची चाकं अशी झळकायला लागली की आता ती खोलीत ठेवली असती तर बायकोला चादर टाकवली नसती.

चाकं बसवायची ती रविवारी सकाळी, आणि सासऱ्यांच्या देखत, असं बायकोने ठरवलं. सासऱ्यांनी सकाळी उठून दाढी केली. इस्त्रीचा शर्ट मागितला. इथे राहायला आल्यापासून ते पहिल्यांदाच जिना उतरले. खाली अंगणात त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. त्यांना चार हातांपलीकडचं धूसर दिसायचं, म्हणून ते कान देऊन बसले. सुटीचा दिवस, त्यामुळे इमारतीतले लोक हात मागे बांधून गोळा झाले. दुसऱ्याच्या गाडीचं काम चाललेलं बघण्यात जे सुख आहे, ते आपली गाडी नीट चालण्यातही नाही.

टायरवाल्याने गाडी उचलली. पुढचं चाक काढलं. चंदेरी चाक उचलून जागेवर नेलं. दोन बोल्ट दोन भोकांत गेले. उरलेले तीन बोल्ट भोकांच्या शेजारी, अगदी करंगळीभरही नाही इतक्या अंतरावर, चाकाच्या पत्र्याला टेकून उभे राहिले.

“होऊन जाईल,” टायरवाला म्हणाला आणि त्याने चाक फिरवलं. आता दुसरे दोन बोल्ट आत गेले आणि वेगळे तीन बाहेर राहिले. त्याने परत फिरवलं. पाचही भोकांना आळीपाळीने संधी दिली. जणू त्यातल्या एखाद्याला तरी दया येईल. मग हातोडा आणला.

“बसलं का?” सासऱ्यांनी विचारलं.

“भोकं मोठी करून घ्या,” सर्वज्ञ म्हणाले. “बोल्ट जरा आत वाकवले तर?” मागून कोणीतरी म्हणालं. हातोड्याचे चार घाव पडले, चंदेरी रंगाचा टवका उडाला आणि टायरवाला घाम पुसत पहिल्यांदाच वेगळं वाक्य बोलला, “हे नाही व्हायचं.”

“बसलं का, जावईबापू?”

“मामा, थोडंसं... अगदी थोडंसं कमी पडतंय.”

सासरे उठले. मुलगी हात धरायला पुढे झाली, तिचा हात त्यांनी बाजूला केला. “राहू द्या,” एवढं म्हणाले आणि कठडा धरून एकेक पायरी चाचपत वर गेले. ते वर पोचून दाराची कडी वाजेपर्यंत अंगणात कोणी हललं नाही. पडदेवाल्यांना चारचौघांत रडू फुटायचं बाकी होतं. ते गाडीखाली काही पडलंय का हे बघायला वाकले आणि तसेच बराच वेळ वाकून राहिले.

संध्याकाळी दुकानात बसून त्यांनी ती मापं परत घेतली, तेव्हा घोटाळा उमगला. पडद्याच्या धंद्यात माप नेहमी वरचं धरतात. कापड कमी पडलं तर गिऱ्हाईक अंगावर येतं. जास्त झालं तर चुण्या पडतात, आणि चुण्या शोभूनच दिसतात. इतक्या वर्षांत तो हाताचाच धर्म होऊन बसला होता. गाडीचं माप त्यांनी थोडं वर धरलं होतं, चाकांचं त्याहून थोडं जास्त वर, आणि दोन निरनिराळी मापं एकाच गोल आकड्यावर येऊन गळ्यात गळे घालून बसली होती.

हे त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “चाकाला चुण्या घालणार होतात का?”

खरं सांगायचं तर तिला उत्तर नको होतं. ती उठून वडिलांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि तशीच परत आली.

दुसऱ्या दिवशी पडदेवाले दुकानाला निघाले तेव्हा सासऱ्यांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ज्या प्रश्नाला ते इतके कंटाळले होते तो ऐकायला मिळावा म्हणून पडदेवाले दारात चपला घालायला वेळ लावू लागले. एकदा तर दोन्ही चपला घालून, काढून, परत घातल्या. सासरे भिंतीकडे बघत राहिले. दोन घासांचा एक घास झाला.

दरम्यान वाहन कार्यालयातून कागद आला. सदर चाके बसवण्यास या कार्यालयाची हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. हरकत होती ती फक्त चाकांची.

चाकं जिन्याखाली पडून होती. लोक अडखळू लागले, कुरकुर सुरू झाली. अखेर एका सकाळी सर्वज्ञ वर आले आणि म्हणाले, “पडदेवाले, टाकून काय देता? माझ्या गाडीला लावून बघतो.”

“तुमची गाडी?”

“ती काय, ताडपत्रीखाली. निवृत्त झाल्यावर रोपवाटिका काढायची म्हणून घेतली होती. राहून गेलं.”

ताडपत्री निघाली. खाली सासऱ्यांच्या भंगारात गेलेल्या गाडीची सख्खी बहीण उभी होती. तोच जुना नमुना, चारही टायर हवा जाऊन बसलेले. सर्वज्ञांना दुसऱ्याकडून माहिती घ्यायची सवय नसल्यामुळे सासऱ्यांची गाडी कोणती होती हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि सासरे खाली आले होते ते एकदाच, तेही धूसर नजरेने. सर्वज्ञांनी माप घेतलं नाही. परवानगी काढली नाही. चाक उचललं आणि लावलं. डब्यावर झाकण बसावं तसं ते बसलं. शेजारी फीत घेऊन उभ्या असलेल्या पडदेवाल्यांनी ती हळूच खिशात टाकली.

चारही चाकं लागल्यावर सर्वज्ञ आत बसले, किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. परत फिरवली, परत खोकली. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची खिडकी खाडकन उघडली. पडदा बाजूला ओढून सासरे ओरडले, “अहो, मारून टाकाल तिला! पाय उचला आधी!”

“काका, मला काही कळत नाही यातलं!” सर्वज्ञ खालून म्हणाले. हे वाक्य इमारतीने त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

“थांबा. हात लावू नका. आलोच.”

ते बनियनवरच खाली आले. त्यानंतर त्यांना वर ठेवणं अवघड झालं. सकाळी चहा झाला की ते खाली. इंजिनवर कान ठेवून ते काय बिघडलंय ते सांगत आणि सर्वज्ञ निमूटपणे पाना फिरवत. गाडी चालू झाल्यावर दोघं फिरायला जाऊ लागले. सर्वज्ञ चालवत, सासरे शेजारी बसून त्यांना शिव्या घालत. मग रोपवाटिकाही निघाली. कुंड्या पोचवायच्या, एकही फुटू द्यायची नाही. सासरे घरी येऊन पोटभर जेवू लागले, मोठ्याने बोलू लागले, झोपेत घोरूही लागले. बायको एकदा ते घोरणं ऐकत दारात उभी होती आणि रडत होती, पण हे रडणं निराळं होतं. पडदेवाल्यांनाही आनंद झाला. खरंच झाला. तो झाल्यावर जी थोडी जागा उरली, तिथे मात्र काहीतरी खुपत राहिलं.

म्हणून एके दिवशी त्यांनी धीर केला. मोठ्या ऑर्डरचे पडदे पोचवायचे होते. खाली सर्वज्ञांची वाट बघत उभ्या असलेल्या सासऱ्यांपाशी जाऊन ते म्हणाले, “मामा, आज माझ्याबरोबर चला ना. लांब जायचंय. वाटेत गाडी बिघडली-बिडली तर तुम्ही असलेले बरे.”

सासऱ्यांनी त्यांच्या दिशेने पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. उलट इतक्या मायेने ते जावयाशी कधी बोलले नव्हते. “तुमची गाडी नवी आहे हो, जावईबापू,” ते म्हणाले. “तिला माझं काय काम?”

पडदेवाले एकटेच गेले. पडदे लावले, गिऱ्हाईक खूश झालं. परत येताना सरळ गुळगुळीत रस्ता सोडून त्यांनी गाडी खोदकाम चाललेल्या गल्लीत घातली आणि एकही खड्डा न चुकवता, दात आवळून, सबंध गल्ली पार केली. गल्ली संपल्यावर गाडी थांबवून ते खाली उतरले, चारही चाकांभोवती फिरून वाकून वाकून बघितलं, बॉनेटला कान लावला. गाडीला काहीही झालं नव्हतं.